दुसरा गियर

गियरबॉक्स उतरवला तो गुरुवार, परतवाड्याचा बाजार,
म्हणून बघायला माणसं जास्त.
रसवंतीचा घाणा थांबवून शफीक आला, म्हणाला,
केवढासा हा! याच्यासाठी तीन दिवस?

केवढासा, पण छातीवर घेतला
की श्वास मोजून घ्यावा लागतो.
मी खाली आडवा, बेठेकरांचा मन्नू बाजूला जॅक धरून,
आणि वर हिवसे सोडा फॅक्टरीची अडुसष्टची पिकअप,
रंग अजून न दिलेली.
नलूबाईंनी काचेची गोटी-बाटली आणून ठेवली आहे फळीवर:
असा हिरवा. दुसरा चालणार नाही.

झाकण उघडलं.
तेल काळं, आणि त्यात बारीक चमक,
बर्फीवरचा वर्ख कुणी ढवळून टाकावा तशी.
पहिल्याचे दात शाबूत. तिसऱ्याचे बरे.
दुसऱ्याचे मात्र
चघळून टाकलेल्या बोराच्या बियांसारखे.

झिंगूजी स्टुलावर बसून होते. वाकले, बघितलं,
आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखे म्हणाले,
"हा थो. घटांगच्या चढावर सटकनारा."
मग पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून दाखवला.
डाव्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला एक घट्टा,
सुपारीएवढा.
एकतीस वर्षं त्यांनी दुसरा गियर
गुडघ्यानं दाबून धरला होता,
मागे चाळीस क्रेट, सेमाडोहपर्यंत.
मालकाला बोलले नाहीत कधी?
"सांगतलं असतं, तं गाडी उभी राह्यली असती."

नवा, म्हणजे तोही जुनाच, चार गियरचा,
अचलपूरच्या भंगारातून, वजनावर आणलेला.
बेलहाउसिंगची दोन भोकं जुळली,
दोन जुळली नाहीत.
मधे पट्टी घातली. तेवढ्यानं शाफ्ट आखूड पडला,
तो बदलला. आता मागचा प्रोपेलर लांब झाला,
तो वाजिदभाईंनी लेथवर कापून दिला,
चहा न घेता, कारण त्यांना ही गाडी आवडत नाही,
लहानपणी हिच्याच मागे लटकून पडले होते.

क्लच प्लेट मधोमध बसवायला हत्यार नव्हतं.
मन्नू उठला, कुठून तरी सागाचा दांडा आणला,
पटाशीनं तासत बसला तासभर,
आणि खोटा शाफ्ट केला,
असा नेमका, की खरा मागून आत गेला
तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.
मी त्याला शाबास म्हणायला हवं होतं.
तेरा नंबरचा पाना दे, म्हणालो.

तळाच्या पत्र्याला नवं भोक पाडलं.
जुन्या भोकावर फॅक्टरीच्या पाटीचा तुकडा रिबेट केला.
गाडीखाली झोपलं की
आता वर एकच अक्षर दिसतं: डा.

चाचणीला झिंगूजीच बसले.
मी बाजूला, मन्नू मागे रिकाम्या हौद्यात उभा.
पहिला पडला. घाट लागला. दुसरा पडला,
दातात दात, लोण्यातून सुरी जावी तसा,
आणि लगेच त्यांचा डावा गुडघा
डावीकडे गेला, टेकला,
दाबून राहिला.
तिथं काही नव्हतं.
नवा दांडा चार बोटं मागे, पार मांडीपाशी.
"काका, सोडा. हा नाही सटकत."
"त्याले नसंन सटकाचं,"
रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले,
"माया गुडघ्याले कुठी माईत हाये."

दोन वळणं मी त्या गुडघ्याकडेच बघत होतो.
पायजम्याचं कापड थरथरत होतं,
इंजिनामुळं असेल.

उतरून सपाटीला लागलो. दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे,
रस्ता सरळ, तिसऱ्यावर गाडी कण्हायला लागलेली.
मी म्हणालो, काका, अजून एक आहे.
त्यांनी दांड्याच्या गोळ्यावर हात ठेवला.
चार आकडे कोरलेत त्यावर, अंगठा शेवटच्यावरून फिरवला.
"राहू दे. घर तं आलंच."

त्या एकासाठी तीन दिवस घातले होते मी.
मन्नू मागून टपावर थाप मारत होता,
जोरात घ्या, जोरात.